‘छान दिसतंय, पण यात तुम्ही कुठे आहात?’

पत्राचा सारांश: मी १९ वर्षांची आहे. मुंबईच्या उपनगरातल्या एका कॉलेजात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. मराठीच्या अंतर्गत गुणांसाठी आम्हा पाच जणांच्या गटाला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचून, तिला प्रतिसाद म्हणून एक व्हिडिओ करायचा होता. आम्ही साडेसहा मिनिटांचा केला. नेटवरून हिरव्या डोंगरांचे ड्रोन शॉट घेतले, सिनेमातले काही तुकडे जोडले, एका मित्राला फेटा बांधून आणि खांद्यावर घोंगडं देऊन कारभारी केलं, मागे बासरी लावली. मॅडम म्हणाल्या, ‘छान दिसतंय. पण हे कथानक झालं. यात तुम्ही कुठे आहात? दहा दिवसांत सुधारून द्या.’ आता गटातलं कुणी तयार नाही. एडिट करणारा मित्र चिडलाय, त्याने रात्री जागून काम केलं होतं. बाकीचे म्हणतात, मिळतील तेवढे गुण घेऊ. खरं तर दोघांनी कादंबरी वाचलेलीच नाही, फक्त सिनेमा पाहिलाय. निवेदनाला कॉम्प्युटरचा आवाज लावला, कारण माझे उच्चार गावाकडचे आहेत (आम्ही मूळचे जतकडचे), आणि ते बरोबरच आहे. कादंबरी जिथे घडते त्या माणदेशात जाऊन शूटिंग करायला पैसे नाहीत. मला स्वतःला शेवट वाचून मास्तरचा राग आला होता, असा कसा गाव सोडून जातो म्हणून. पण एवढ्या मोठ्या लेखकावर टीका नको, म्हणून ते घेतलं नाही. मी एकटीने नवा व्हिडिओ करू का? की त्या दोघांनी वाचलेलं नाही, हे मॅडमना सांगू? आणि ‘तुम्ही कुठे आहात’ म्हणजे नक्की करायचं काय? शेवटी प्रत्येकाने कॅमेऱ्यासमोर येऊन बोलायचं का?

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर तू मला लिहून पाठवलं आहेस, आणि वर ‘ते घेतलं नाही’ असंही कळवलं आहेस. ड्रोन शॉट, फेटा, बासरी, चिडलेला मित्र यांच्या गर्दीत एका ओळीत तू म्हणतेस की शेवट वाचून तुला मास्तरचा राग आला. पत्रातलं ते एकच वाक्य असं आहे की जे तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणी लिहिलं नसतं. बाकी सगळं नेटवर सापडतं. त्या रागाकडे मी परत येते, आधी मॅडमच्या शेऱ्याबद्दल बोलू.

‘सुधारून द्या’ हे ऐकल्यावर तुम्ही सगळ्यांनी बहुधा असं धरलं की काम कच्चं आहे, अजून चकचकीत करायला हवं. म्हणून तुला माणदेशात जायचा खर्च आठवला आणि मित्राला वाया गेलेल्या रात्री आठवल्या. पण मॅडमनी दिसण्याबद्दल तक्रारच केलेली नाही. उलट ‘छान दिसतंय’ असं म्हणून तो विषय त्यांनी संपवला. त्यांचं म्हणणं वेगळं आहे: या व्हिडिओत कोण बोलतंय ते कळत नाही. ही अडचण चांगल्या कॅमेऱ्याने सुटत नाही. त्यामुळे पैसे नाहीत ही तुझी सगळ्यात मोठी काळजी या कामापुरती तरी बाजूला ठेव.

दुसरं गृहीतक जरा खोल आहे, आणि ते फक्त तुझं नाही. पुस्तकाला प्रतिसाद द्यायचा तर त्याची गोष्ट नीट, संपूर्ण, काही न गाळता सांगायची, म्हणजे पुस्तकाचा मान राहतो, असं आपल्याला शाळेपासून वाटत आलेलं असतं. आशय, पात्रपरिचय, वातावरण, भाषाशैली, संदेश या क्रमाने आपण सगळ्यांनी उत्तरं लिहिली आहेत. तुमच्या व्हिडिओचा आराखडाही बहुतेक तोच असणार. पण मॅडमनी ‘बनगरवाडी’ वाचलेली आहे. तरुण मास्तर चालत त्या धनगरवस्तीत येतो, बंद पडलेली शाळा सुरू करतो, म्हातारा कारभारी त्याच्या पाठीशी उभा राहतो, गाव मिळून तालीम बांधतं, तिच्यासाठी औंध संस्थानचे राजे येतात, मग दुष्काळ पडतो आणि गाव पांगतं, हे त्यांना तुमच्याकडून कळायला नको आहे. वाचताना तुमचं काय झालं, ते कळायला हवं आहे.

यासाठी एक सोपी कसोटी आहे. ज्याने पुस्तक उघडलेलंच नाही, नुसता सारांश वाचला किंवा १९९५ साली अमोल पालेकरांनी केलेला सिनेमा पाहिला, त्याला हाच व्हिडिओ करता आला असता का? तुमच्या बाबतीत उत्तर ‘हो’ आहे, आणि त्याचा पुरावा गटातच आहे: न वाचलेल्या दोघांनी तो केलाही.

आता तुझ्या रागाकडे येऊ. तू तो गाळलास, कारण लेखकावर टीका नको. पण राग तुला मास्तरचा आला होता. कादंबरी ‘मी’च्या तोंडून सांगितलेली आहे, म्हणून मास्तर म्हणजेच लेखक असं वाटतं खरं. माडगूळकर त्याच माणदेशातले, आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. त्यांनीही कोवळ्या वयात तिकडे काही काळ शिक्षकी केली होती, त्यामुळे तसं वाटणं आणखी सोपं. तरी पुस्तकातला मास्तर हे एक पात्र आहे, आणि पात्रावर रागवायला कुणाची परवानगी लागत नाही. लेखकाने त्याला तसा लिहिला म्हणून तर तुला तो राग आला. ही लेखकाला मिळालेली दाद आहे, अवमान कुठून झाला?

मात्र राग आला एवढ्यावर व्हिडिओ होत नाही. राग घेऊन परत पुस्तकाकडे जावं लागतं. शेवटची पानं पुन्हा वाच आणि पेन्सिल घेऊन बस. आधी कोण जातं ते पाहा. दुष्काळात मेंढरं जगवायची तर धनगराला गाव सोडावंच लागतं. घरं रिकामी होतात, शाळेत मुलं राहत नाहीत, आणि मग मास्तर निघतो. म्हणजे सोडून कोण कुणाला गेलं? बघ, लगेच प्रश्न अवघड झाला. कदाचित पुन्हा वाचून तुझा राग निवळेल. कदाचित टिकेल, पण त्याचं कारण बदलेल. गाव परत येईल म्हणून त्याने थांबायला हवं होतं का? पगारी नोकर दुसरं काय करणार होता? की राग मास्तरचा नाहीच, ज्या व्यवस्थेत पाऊस गेला की अख्खं गाव उठून जातं तिचा आहे? ‘आधी मला असं वाटलं, मग मी ही पानं पुन्हा वाचली आणि आता मला असं वाटतं’ एवढा प्रवास जरी चार मिनिटांत दिसला, तरी मॅडमच्या शेऱ्याला ते पुरेसं उत्तर आहे.

आणि एक गोष्ट विचारते, आगाऊपणा वाटला तर सोडून दे. तुमचं घरही जतहून मुंबईला आलं. जत काय, आटपाडी काय, दोन्ही सांगली जिल्ह्यातले कोरडवाहू, पावसाची वाट पाहणारे तालुके. गाव सोडून जाणाऱ्या माणसाचा एवढा राग तुलाच का आला, तुझ्या डोंबिवलीच्या किंवा बोरिवलीच्या मैत्रिणीला का आला नाही, याचा तू विचार केला आहेस का? घरी आजी-आजोबा किंवा आई-वडील असतील तर त्यांना विचार, गाव कधी सोडलं, कोण आधी निघालं, मागे कोण राहिलं. ते व्हिडिओत घ्यायचंच असं नाही. घरातलं दुःख गुणांसाठी मांडायची सक्ती तुझ्यावर कुणी केलेली नाही, आणि मीही करत नाही. पण तुझा राग कुठून येतो ते तुला माहीत असलं, तर तू लिहिशील ती वाक्यं वेगळी होतील.

आता तो उच्चारांचा मुद्दा. ‘आणि ते बरोबरच आहे’ असं तू लिहिलंस, तिथे मी थोडा वेळ थांबले. बरोबर कसं? ‘बनगरवाडी’त मास्तरचं निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि गावातली माणसं माणदेशी बोलतात. पुस्तक त्या दोन आवाजांवर उभं आहे. त्याला प्रतिसाद देताना तुम्ही गावाकडचे म्हणून जिवंत माणसाचे उच्चार बाजूला ठेवले आणि ज्याला गावच नाही असा यंत्राचा आवाज लावला. मला वाटतं, मॅडमना जे रितेपण जाणवलं त्यातलं निम्मं तरी या आवाजातून आलं असावं. यंत्राला ‘कारभारी’ म्हणता येतं, पण त्या म्हणण्यात काही नसतं. तेव्हा निवेदन तू कर. आता दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. जतकडची आहेस म्हणून मुद्दाम हेल काढून, रांगडेपणाचं प्रदर्शन मांडून बोललीस तर तो दुसरा फेटा होईल. घरी फोनवर बोलतेस तशी बोल.

फेट्याचं निघालंच आहे तर सांगून टाकते. कारभारी झालेल्या मित्राचा प्रसंग काढून टाका. त्याने हौसेने केलं असेल, त्याला वाईट वाटेल, तरीही काढा. वीस वर्षांचा मुलगा भाड्याचा फेटा बांधून सोसायटीच्या बागेत म्हातारा धनगर होतो, तेव्हा बघणाऱ्याला स्नेहसंमेलन आठवतं. आणि धनगर आजही आहेत. दिवाळीच्या सुमाराला त्यांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारी कुटुंबं, घाट उतरून कोकणात येतात, पनवेल-पेणच्या बाजूला रिकाम्या शेतांत मेंढरं बसवलेली दिसतात. आपल्या शेजारून जाणाऱ्या माणसांचं सोंग घ्यायची गरज काय? त्यांचं चित्रीकरण करावंसं वाटलं तर आधी जाऊन बोला, कशासाठी हवं ते सांगा, ते ‘नको’ म्हणाले तर फोन खिशात ठेवा. लांबून चोरून घेतलेला शॉट सुंदर आला तरी वापरू नका.

ड्रोनचे हिरवे डोंगरही जाऊ द्या. तो मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. सगळा जीव पावसावर, आणि पाऊस बेभरवशाचा. तुमचं निवेदन दुष्काळ सांगत असताना पडद्यावर जुलैतला घाट दिसत असणार. असल्या चुका पकडायला एक जुनी युक्ती आहे. आवाज पूर्ण बंद करून व्हिडिओ बघायचा, मग डोळे मिटून नुसता ऐकायचा. चित्र एक सांगतंय आणि आवाज दुसरंच, हे तेव्हा लगेच लक्षात येतं. कधीकधी असा विरोध मुद्दाम ठेवता येतो. उदाहरणार्थ, ओस पडलेल्या शाळेबद्दल बोलताना तुझ्या कॉलेजचा मधल्या सुट्टीतला कलकलाट. पण तो ठरवून केलेला हवा, नेटवर मिळाला म्हणून नको.

मग दाखवायचं काय, असं तू विचारशील. पुस्तकाचं पान दाखव. पेन्सिलीची खूण, समासात तू लिहिलेलं ‘का गेला?’ सुट्टीच्या दिवशीचा रिकामा वर्ग. सांगलीकडे जाणाऱ्या एसटीची पाटी. घरात गावाहून आणलेली एखादी वस्तू असेल तर ती. काही सेकंद नुसता काळा पडदा आणि तुझा आवाज, हेही चालतं. काळ्या पडद्याला लोक उगाच घाबरतात. आणि नाही, शेवटी पाचही जणांनी रांगेने येऊन ‘या कादंबरीतून मला शिकायला मिळालं की’ असं म्हणायचं नाही. ‘तुम्ही कुठे आहात’ याचा अर्थ तुमचे चेहरे कुठे आहेत असा होत नाही. चेहरा एकदाही न दाखवता माणूस व्हिडिओभर असू शकतो. तुमच्या आधीच्या व्हिडिओत पाचही नावं होती, पण तिथे कुणी नव्हतं.

तुझ्यापुढचे मार्ग आता नीट बघू. पहिला म्हणजे आहे तसा ठेवायचा. यात पाप काही नाही. परीक्षा तोंडावर असेल, गटात भांडणं विकोपाला गेली असतील, तर ‘आम्हाला एवढंच जमलं’ असं सांगून मिळतील ते गुण घेणं हा प्रामाणिक पर्याय आहे. दुसरा मार्ग बहुतेक जण घेतात: जुन्या साडेसहा मिनिटांना शेवटी एक मिनिटाचं ‘आमचं मत’ जोडायचं. हा मात्र घेऊ नका. त्यात मेहनत होते, लांबी वाढते आणि मूळ अडचण जागच्या जागी राहते. तिसरा, तू एकटीने नवा करायचा. मोह मला समजतो, आणि तू तो करूही शकशील. पण काम गटाला दिलेलं आहे, आणि ज्याने रात्री जागून पहिला व्हिडिओ जोडला त्याला वगळून तू दुसरा दिलास, तर उरलेलं दीड वर्ष वर्गात कसं काढणार? मी चौथा सुचवेन. गट तोच, व्हिडिओ छोटा, आणि सुरुवात एडिटिंगच्या ॲपमध्ये करायची नाही, कागदावर करायची.

एडिट करणाऱ्या मित्राकडे ‘मॅडमना आवडलं नाही, परत कर’ असं म्हणत जाऊ नकोस. तो आधीच दुखावलेला आहे. त्याचं काम चांगलं होतं, हे मॅडमच्या तोंडून आलेलं आहे, ते त्याला आठवण करून दे. मग लिहिलेली, मोठ्याने वाचून बघितलेली संहिता त्याच्या हातात ठेव. एडिट करणाऱ्यांचा खरा वैताग कामाचा नसतो, रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ‘अरे फक्त एवढं एक बदल ना’चा असतो. त्याला वचन दे की सूचना एकत्र, लिहून, वेळेचा आकडा घालून मिळतील: १ मिनिट १० सेकंदाला हे काढ, २ मिनिट ०५ सेकंदाला आवाज आधी सुरू कर. आणि त्याच्याकडे निव्वळ जोडणारा हात म्हणून बघू नकोस. कुठे थांबायचं, कुठे बोलणं संपल्यावरही चित्र दोन सेकंद राहू द्यायचं, हे निर्णय त्याचे असू देत. तेही कादंबरीचं वाचनच आहे, म्हणून त्याने ती वाचलेली असायला हवी.

न वाचलेल्या दोघांबद्दल मॅडमना सांगू नकोस. चहाडी करून व्हिडिओ सुधारत नाही. त्यांना पुस्तक दे. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी आकाराने लहान आहे, दोन-तीन संध्याकाळी पुरतात. वाचताना ‘महत्त्वाचे मुद्दे’ काढायला सांगू नकोस. जिथे थांबलात, वैतागलात, हसलात किंवा कंटाळलात त्या पानाला फक्त खूण करा, एवढंच सांग. कंटाळा आला तर तोही चालेल, का आला ते सांगता यायला हवं. मग पाचही जण आपापली खूण घेऊन एकत्र बसा. कदाचित गटाला तुझ्या रागापेक्षा दुसऱ्याची खूण जास्त पटेल. तसं झालं तर हट्ट धरू नकोस.

कारण या पुस्तकात शिरायच्या वाटा बऱ्याच आहेत. समजा गटात कुणी रोज जिमला जाणारा आहे आणि त्याने तालमीच्या भागाला खूण केली. बाकी सगळं सोडून गाव तालीमच का बांधतं, हा साधा प्रश्न घेऊन तो बराच लांब जाऊ शकतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे कडवे पुरस्कर्ते होते, त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. याच छोट्या संस्थानाने १९३९ साली गावपंचायतींच्या हाती कारभार सोपवणारी राज्यघटना स्वीकारली, तिच्यामागे महात्मा गांधींचं मार्गदर्शन होतं. हे कळल्यावर, स्वतःच्या हातांनी इमारत उभी करणारं गाव आणि ती बघायला येणारा राजा यांच्याकडे बघायची नजर बदलते. कुणी मास्तरच्या वयाकडे बघेल: जवळपास आपल्याच वयाचा मुलगा, ज्याला कुणी काम कसं करायचं हे शिकवलेलं नाही, आणि अख्खं गाव त्याच्याकडून शहाणपणाची अपेक्षा करतं. कॉलेज संपत आलेल्या कुणालाही हे झोंबायला हवं. यातली एकच वाट घ्या. दोन घेतल्या की परत सारांश सुरू होईल.

वाट ठरली की एक वाक्य लिहा, ज्यात ‘मला’ किंवा ‘आम्हाला’ असेल आणि ज्याच्याशी दुसरा वाचक असहमत होऊ शकेल. ‘बनगरवाडी हे ग्रामीण जीवनाचं वास्तव चित्रण आहे’ याच्याशी कोण असहमत होणार? ‘मास्तरने गावाला जेवढं दिलं त्याहून जास्त गावाने त्याला दिलं, आणि तो ते घेऊन निघून गेला’ यावर मात्र भांडता येतं. हे वाक्य व्हिडिओत बोललंच पाहिजे असं नाही. ते फळ्यावर लिहून समोर ठेवा आणि प्रत्येक दृश्याला विचारा, तू या वाक्यासाठी काय करतोस? काहीच करत नसेल तर ते दृश्य कितीही देखणं असलं तरी जाईल.

संहिता दोन रकान्यांत लिहा, डावीकडे काय दिसेल, उजवीकडे काय ऐकू येईल. लांबी चार मिनिटं ठेवा. शांतपणे बोललं तर मिनिटाला साधारण १००-१२० शब्द होतात, त्यामुळे चार मिनिटांसाठी साडेतीनशेपेक्षा जास्त शब्द नकोत. उरलेली जागा थांबण्यासाठी. मोबाईलवर घड्याळ लावून मोठ्याने वाचा. जीभ अडखळते तिथलं वाक्य बहुतेक निबंधातून आलेलं असतं, ते बोलण्यातलं करा. पुस्तकातली दोन-तीन वाक्यं घेणार असाल तर ती जशीच्या तशी घ्या, वेगळ्या लयीत वाचा आणि त्या वेळी खाली संगीत ठेवू नका.

संगीताबद्दल माझं मत टोकाचं आहे, तेवढं सोसून घे. पहिला कट बासरीशिवाय बघा. बासरी लावली की प्रत्येक गोष्ट करुण वाटायला लागते आणि आपण काहीतरी सांगितलं असा भास होतो. बासरीविना तो भाग पोकळ वाटला तर लिखाण दुरुस्त करायचं.

आवाज रेकॉर्ड करायला स्टुडिओ लागत नाही. रात्री उशिरा, पंखा बंद, फोन विमान मोडवर, कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड करून बस, नाहीतर पांघरूण घे. खोली घुमत नाही. फोन तोंडापासून वीतभर, समोर न धरता थोडा बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चे फटके बसत नाहीत. बोलून झाल्यावर त्याच खोलीची अर्ध्या मिनिटाची नुसती शांतता रेकॉर्ड कर. वाक्यांच्या मधे ती भरता येते, नाहीतर प्रत्येक कटला आवाज तुटल्यासारखा वाटतो. चित्रीकरणात फोन आडवा, आणि पडद्यावर बोट दाबून फोकस व उजेड पक्का करायचा, एवढं सांभाळलं तरी खूप.

पहिला कच्चा कट झाला की तो दोन माणसांना दाखवा, एक पुस्तक वाचलेला, एक न वाचलेला. आधी काही समजावू नका. ‘कसा वाटला?’ हा प्रश्न विचारूच नका, आपल्याकडे त्याचं उत्तर ‘मस्त’ असंच मिळतं. विचारा, ‘आम्ही काय म्हणतोय असं तुला वाटलं?’ आणि ‘तुझं लक्ष कुठे उडालं?’ मग गप्प बसून लिहून घ्या. बचाव करायचा नाही, तुला तर मुळीच नाही, कारण आवाज तुझा असेल आणि सगळ्यात जास्त तुलाच लागेल. एक दिवस मधे जाऊ द्या आणि मगच दुरुस्त्या करा. दहापैकी वाचनाला तीन दिवस, लिखाणाला दोन, रेकॉर्डिंग-चित्रीकरणाला दोन, एडिटला दोन आणि हा मोकळा एक, असं बसतं. जुनी फाइल पुसू नका, नव्या आवृत्तीला वेगळं नाव द्या. पुढे दोन्ही शेजारी ठेवून मॅडमना दाखवता येतील.

सिनेमाच्या तुकड्यांचं काय? आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात टीका, समीक्षा आणि शिकवण्यासाठी काही सवलती आहेत. सिनेमातला दहा सेकंदांचा प्रसंग घेऊन ‘पुस्तकात हे वेगळं आहे, ते असं’ असं बोललात तर ती समीक्षा होते. मागे बोलणं चालू असताना नुसतं चित्र हवं म्हणून तुकडा लावला तर ती सजावट होते. वर्गात दाखवायला कुणी अडवणार नाही, पण यूट्यूबवर टाकलात तर तिथली यंत्रणा तुमचा हेतू न विचारता व्हिडिओ अडवू शकते. पुस्तकाचंही तसंच. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. माडगूळकर २००१मध्ये गेले, म्हणजे २०६१ संपेपर्यंत. दोन-चार ओळी लेखक-पुस्तकाचं नाव सांगून वाचायला हरकत नाही, अख्खं प्रकरण वाचून दाखवू नका.

हे वाचणाऱ्या शिक्षकांना जाता जाता एक विनंती. विद्यार्थ्यांकडून व्हिडिओ मागताना आधी एक पानाची संहिता मागा आणि शेरा तिथे द्या. संगीत, नावं, सगळं चढवून झालेल्या व्हिडिओवर ‘तुम्ही कुठे आहात’ हा प्रश्न योग्य असला तरी उशिरा येतो. कागदावरचं वाक्य बदलायला पोरांना जीव जड होत नाही.

आणि श्रेयनामावलीत ‘सादरकर्ते: गट क्रमांक अमुक’ असं मोघम लिहू नका. कुणी लिहिलं, कुणाचा आवाज, कुणी जोडलं, कुणी कोणत्या पानाला खूण केली, हे नावानिशी लिहा. एडिट करणाऱ्या मित्राचं नाव सगळ्यात वर जायला माझी काही हरकत नाही. उद्या संध्याकाळी त्याला भेटायला जाशील तेव्हा संहितेच्या आधी हे सांगितलंस तरी चालेल.